165 काढून 185 घातले: टायरची रुंदी, हवा आणि मुंबईचे रस्ते

आधी निकाल सांगते, तपशील नंतर. माझ्या हॅचबॅकचे कंपनीने दिलेले 165/80 आर 14 मापाचे टायर काढून मी 185/70 आर 14 घातले. एक अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचा लग्नसराईचा मोसम त्यांच्यावर काढला. टायर मला आवडले. पण गाडीच्या वागण्यात जो फरक पडला, त्यातला मोठा वाटा टायरमधल्या हवेचा आहे, रुंदीचा त्यामानाने कमी. ज्यांना सकाळी उठून हवा बघायचा कंटाळा आहे, त्यांनी रुंद टायरवर पैसे घालू नयेत.

ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. या मापात तीन-चार चांगल्या कंपन्यांचे टायर मिळतात, आणि मला बोलायचंय ते मापाबद्दल आणि ते बसवून देणाऱ्या दुकानाबद्दल.

माझं गिरगावात घरगुती केटरिंग आहे. बारसं, डोहाळजेवण, मुंज, साठीशांत, अशी पंचवीस ते ऐंशी पानांची कामं. मागची सीट पाडायची, त्यावर मसालेभाताचं आणि अळूच्या भाजीचं पातेलं, शेजारी पुऱ्या, आणि सगळ्यात मागे मठ्ठ्याचे स्टीलचे उभे डबे. गाडी वळणावर किती कलते आणि सरळ झाल्यावर किती वेळ डुलत राहते, ते मला मठ्ठ्यावरून कळतं. डब्याच्या झाकणाखाली पांढरं फडकं बांधलेलं असतं. पोचल्यावर ते कुठल्या बाजूला किती ओलं झालंय ते मी बघते. स्टेअरिंग धरलेल्या हाताला जे समजत नाही, ते त्या फडक्यावर उमटलेलं असतं. म्हणून टायर आणि हवा या बाबतीत मी कुणाचं 'चालतंय हो' ऐकून घेत नाही.

ज्यांना टायरवरचे आकडे वाचायची सवय नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. 165 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 80 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 80 टक्के, इथे 132 मिलिमीटर. 14 हा रिमचा, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या धातूच्या चाकाचा व्यास, इंचांत. 185/70 मध्ये भिंत 129.5 मिलिमीटरची होते. पूर्ण चाकाचा व्यास 619.6 वरून 614.6 मिलिमीटरवर येतो, म्हणजे फरक एक टक्क्याच्या आतला. स्पीडोमीटर बिघडत नाही, गाडी जेमतेम अडीच मिलिमीटर खाली बसते, आणि जुनीच रिम चालते. रुंदी वाढवायची तर व्यास असा जवळपास तेवढाच राहील हे पाहूनच माप निवडायचं.

दुकान माहीमचं. मला त्यांनी जिंकलं ते एका नकारामुळे. मी सहज विचारलं, "काका, 195 बसतील का?"

"बसवू शकतो ताई, पण तुमची रिम पाच इंची आहे. एवढ्या अरुंद रिमवर 195 घातला तर भिंत बाहेर फुगते आणि वळताना आडवी हलते. पैसे खर्चून गाडी पहिल्यापेक्षा ढिली कशाला करून घेताय? 185 घ्या. तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी 185 रुंदी देते, फक्त 15 च्या रिमवर."

महागडा टायर विकायची संधी समोर असताना हे सांगणारा दुकानदार मला महत्त्वाचा वाटतो. बाकी कामही नेटकं. टायर चढवायच्या आधी प्रत्येकाचा तारखेचा कोड दाखवला. भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, 1225 म्हणजे 2025 सालच्या बाराव्या आठवड्यात बनलेला. चारही एकाच महिन्यातले होते. व्हॉल्व्ह नवे टाकले. टायरची कड रिममध्ये नीट बसावी म्हणून सुरुवातीला 40 पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) आसपास हवा द्यावी लागते, आणि बऱ्याच ठिकाणी तेवढीच ठेवून गाडी हातात देतात. इथे पोराने दार उघडलं, खांबावरचा स्टिकर वाचला आणि त्याप्रमाणे हवा खाली आणली. नट हवेच्या गनने लावले, पण शेवटचा पीळ टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने पिळणाऱ्या पान्याने, हाताने, एक सोडून एक अशा क्रमाने. अलाइनमेंटचा, म्हणजे चाकं सरळ आहेत ना या तपासणीचा, कागद मात्र मागितल्यावर दिला, तो न मागता द्यायला हवा. बसायला जागा नाही, गाडी रस्त्यावरच उभी करावी लागते, आणि शनिवारी गेलात तर अर्धा दिवस गेला म्हणून समजा.

चार टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, व्हॉल्व्ह, जुन्यांचे पैसे वजा करून 22 हजारांच्या आसपास गेले. हे मे 2025 मधलं. त्या वर्षी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत आला, आणि टायर त्याआधी बदलून झाले होते याचं मला फार बरं वाटलं. आता बदलणाऱ्यांना थोडं स्वस्त पडायला हवं, कारण 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला.

जुन्या टायरवर मापाच्या पुढे 85 आकडा होता, नव्यावर 88. हा भाराचा निर्देशांक. 85 म्हणजे एका टायरला 515 किलो, 88 म्हणजे 560. माझ्यासारखी पातेली वाहणाऱ्यांनी हा आकडा जरूर बघावा. बदलताना तो कंपनीने दिलेल्यापेक्षा खाली जाता कामा नये.

आता मुख्य गोष्ट, रुंदीने नक्की काय होतं. पुष्कळांची समजूत असते की टायर रुंद झाला म्हणजे जमिनीला जास्त रबर टेकलं. तसं फारसं होत नाही. टायरवरचा भार भागिले आतली हवा, असा ढोबळ हिशेब केला की जमिनीला टेकलेली जागा निघते. पुढच्या एका चाकावर 300 किलो आणि हवा 33 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.3 किलो धरले, तर ती जागा 130 चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते. बोटांसकट उघड्या हाताएवढी. टायर 165 असो की 185, भार आणि हवा तीच असेल तर ती जागा जवळपास तेवढीच राहते. बदलतो तो तिचा आकार. अरुंद टायरमध्ये ती लांबट असते, रुंद टायरमध्ये आखूड आणि आडवी. आडव्या जागेमुळे वळताना बाजूचा जोर लवकर उभा राहतो. स्टेअरिंग थोडं फिरवलं की गाडीचं नाक लगेच वळतं.

हे मरीन ड्राइव्हकडून कोस्टल रोडला लागून पार्ल्याला जाताना मला पहिल्याच फेरीत कळलं. हाजी अलीच्या त्या गोल वळत उतरणाऱ्या रस्त्यांवर 40 ची मर्यादा आहे. जुन्या टायरवर तिथे स्टेअरिंग वळवल्यावर गाडी आधी टायरच्या भिंतीवर कलायची, मग वळायची, आणि मध्येच मला हात आणखी थोडा फिरवावा लागायचा. नव्या टायरवर एकदा लावलेलं स्टेअरिंग तसंच राहतं. हा फरक खरा आहे आणि तो मला रोज आवडतो.

पण मठ्ठ्याला तो पहिल्यांदा आवडला नाही. गाडी झटकन वळते म्हणजे मागच्या डब्यांनाही तो झटका लवकर बसतो. जुना टायर स्वतःच्या भिंतीत तो धक्का थोडा मुरवून घ्यायचा. सुरुवातीच्या खेपांना फडकं जास्त ओलं निघालं. उपाय साधा आहे, स्टेअरिंग पूर्वीपेक्षा सावकाश फिरवायचं. रुंद टायर घेतल्यावर लोक वळणावर वेग वाढवतात. माझं म्हणणं, वेग तोच ठेवा आणि हात हळू करा, म्हणजे मागे बसलेल्या माणसाला या टायरचा खरा फायदा मिळतो.

हवेचा प्रयोग मी भाच्याबरोबर केला. त्याला गाड्यांचं वेड, आणि वाडीतल्या फरशीवर रविवारी सकाळी आठपर्यंत कुणी नसतं. टायरच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड आडवी रेघ ओढायची, गाडी सरळ पुढे न्यायची, थांबवून बघायचं. आधी हवा 25 वर आणली. रेघ दोन्ही कडांना पुसली गेली, मध्ये पांढरी स्वच्छ राहिली. मग 40 केली. आता मधली चार बोटं गायब आणि दोन्ही कडांना खडू तसाच. भाचा खाली बसून बघत म्हणाला, "मावशी, हा तर अर्ध्या टायरवरच चालतोय!" मग स्टिकरवरचे 33. रेघ सगळीकडे सारखी फिकट झाली. दोनशेवीस रुपयांच्या पुस्तकातून जे समजणार नाही ते दहा रुपयांच्या खडूने दाखवलं.

रस्त्यावर त्याचा अर्थ असा. हवा कमी असेल तर भिंती दुमडतात, स्टेअरिंगला उत्तर उशिरा येतं, टायर तापतो आणि कडा लवकर घासतात. हवा जास्त असेल तर स्टेअरिंग हलकं आणि चपळ वाटतं, पण खडबडीत रस्त्यावर टायर जमिनीवरून उडत राहतो, आणि उडालेला टायर ना वळवू शकतो ना थांबवू शकतो. मधली पट्टी घासते ती वेगळीच. सी लिंकच्या सांध्यांवरून जाताना 38 वर प्रत्येक सांधा पाठीत लागतो, 33 वर नुसता आवाज येतो. लोक म्हणतात, हवा थोडी जास्त ठेवली की ॲव्हरेज वाढतं. थोडं वाढतंही. पण आपल्याकडचे पेव्हर ब्लॉक आणि अर्धवट काँक्रीट झालेले रस्ते बघता तो सौदा मला मान्य नाही.

पुढच्या आणि मागच्या हवेतला फरक हा विषय लोक विसरतात, आणि माझ्या कामात तोच सगळ्यात मोठा निघाला. माझ्या गाडीच्या स्टिकरवर दोन ओळी आहेत. नेहमीच्या भाराला पुढे-मागे 33, पूर्ण भाराला मागे 36. पातेली भरून मागे 33 वरच निघालं, की वळण संपल्यावरही गाडीचा मागचा भाग एकदा इकडे, एकदा तिकडे जातो. मागचे टायर भाराखाली दबलेले असतात, त्यांच्या भिंती वाकतात आणि परत येतात. मागे 36 केली की गाडी एका हालचालीत वळते आणि तिथेच थांबते. फडक्यावर फरक असा दिसतो: 33 ला दोन्ही बाजूंना ओल, 36 ला फक्त वळणाच्या बाहेरच्या बाजूला, तीही पुसटशी. तीन पीएसआय! रुंदीसाठी मी हजारो रुपये मोजले, आणि मठ्ठा वाचवला तो या तीन आकड्यांनी. काम आटोपून रिकामी गाडी घेऊन आले की दुसऱ्या दिवशी सकाळी मागची हवा पुन्हा 33 वर आणते. रिकाम्या मागच्या भागात 36 ठेवली तर गाडी खड्ड्यांवर मागून उडते.

डावी-उजवी हवा वेगळी असेल तर गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते. अलाइनमेंट बिघडली म्हणून दुकानात धावण्याआधी हे तपासावं.

पावसाबद्दल सविस्तर लिहिते, कारण मुंबईत टायरची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. नुसत्या ओल्या रस्त्यावर, म्हणजे वर पाण्याचा थर साचलेला नसताना, नवे 185 उत्तम. ब्रेक सरळ लागतो, सिग्नलच्या पांढऱ्या पट्ट्यांवर घसरत नाही. पण साचलेल्या पाण्यात गोष्ट उलटते. टायरला चालायचं तर समोरचं पाणी बाजूला सारावं लागतं. टायर जितका रुंद, तितकं जास्त पाणी सारायचं. ते जमलं नाही की टायर पाण्यावर चढतो, आणि स्टेअरिंग हातात एकदम हलकं पडतं. अमेरिकेच्या नासामध्ये 1960 च्या दशकात विमानांच्या टायरवर झालेल्या कामातून यासाठी एक सूत्र निघालं. पीएसआयमधल्या हवेचं वर्गमूळ घ्यायचं आणि 10.35 ने गुणायचं, म्हणजे टायर कितीच्या वेगाला पाण्यावर चढेल तो आकडा ताशी मैलांत मिळतो. त्याप्रमाणे 33 पीएसआयला ताशी सुमारे 96 किलोमीटर येतात आणि 25 ला 83. हे पाणी टायरच्या खाचांत मावत नाही इतकं असतानाचं गणित आहे, आणि मोटारीचा टायर त्याआधीही चढू शकतो. पण दिशा स्पष्ट आहे: हवा कमी म्हणजे धोका लवकर.

गिरगाव ते दादर ज्या वेगाने आपण सरकतो, तिथे याचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो द्रुतगती मार्गावर, अटल सेतूवर, फ्रीवेवर. जुलैत पुण्याला एका मुंजीसाठी जाताना खालापूरच्या पुढे डाव्या लेनमध्ये पाण्याचा पट्टा होता. वेग 80 च्या आसपास. स्टेअरिंग क्षणभर रिकामं झालं, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, ब्रेक लावला नाही, आणि चाकं परत रस्त्याला लागली. त्याच रस्त्यावर अरुंद टायर पाणी कापत जायचे, हे मला आठवतं. तेव्हापासून जोराच्या पावसात मी 60 च्या वर जात नाही. जे पावसाळ्यात सतत हायवेवर असतात आणि शहरात कमी, त्यांना मी 165 वरच राहायला सांगेन. कायद्याने खाच 1.6 मिलिमीटरपर्यंत चालते. रुंद टायर असेल तर 3 मिलिमीटरला आलेला टायर पावसाळ्याआधी बदलावा असं माझं ठाम मत आहे.

इतर बारीकसारीक. जिथे काँक्रीटचा भाग आणि डांबर यांच्यात लांबट खाच आहे, तिथे रुंद टायर ती खाच धरतो आणि गाडी एक इंच ओढली जाते. स्टेअरिंग सैल धरायची सवय असेल तर हे दचकवतं. आवाज थोडा वाढला. पूर्ण वळवल्यावर चाक कुठेही घासत नाही. ॲव्हरेज शहरात अर्ध्या किलोमीटरने उतरलं, त्याची मला खंत नाही.

हवा मोजायची कशी, यावर एकच आग्रह. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, स्वतःच्या गेजने. मी डिजिटल गेज आणि गाडीच्या 12 व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर घेतला आणि या सगळ्या खरेदीत तीच वस्तू सगळ्यात जास्त उपयोगी ठरली. मी जिथे पूर्वी हवा भरायचे त्या पंपावरचं मशीन माझ्या गेजपेक्षा तीन पीएसआय जास्त दाखवतं, म्हणजे तिथे 33 मागितली की मिळायची 30. शिवाय पंपापर्यंत जाताना टायर तापतो. तापमानात दर 10 अंशांच्या फरकाला साधारण दीड पीएसआय वरखाली होतं. द्रुतगती मार्गावर तासभर पळालेला टायर 37 दाखवेल, ती हवा कुणाला काढू देऊ नका. उलट, मुंबईच्या 30 अंशांत भरलेली हवा डिसेंबरमध्ये नाशिकला पहाटे 10 अंशांत तीन पीएसआयने कमी भरते. नाशिकला कार्य असेल तर कॉम्प्रेसर सोबत असतोच. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मी देत नाही. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच आहे, आणि तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. महत्त्वाचं आहे ते नियमित बघणं.

शेवटचं, स्टेपनीबद्दल. माझी स्टेपनी अजून 165/80 ची आहे. व्यासातला फरक लहान असल्याने पंक्चरवाल्यापर्यंत जायला ती चालते, पण तिची पकड बाकी तिघांसारखी नाही. म्हणून ती लावली की हळू चालवायचं आणि जमेल तितक्या लवकर काढायची. पुढचं चाक पंक्चर झालं तर दुकानातल्या काकांनी सांगितलेली पद्धत वापरा: मागचं 185 पुढे आणा आणि स्टेपनी मागे लावा. आणि तिच्यातली हवाही महिन्यातून एकदा बघा. डिकीत पातेल्यांच्या खाली असल्याने माझ्याकडे तो दिवस ठरलेला आहे, संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण त्या दिवशी ऑर्डर कमी असतात.